कोस्ट गार्ड ऑक्झिलरीतला ‘ट्रायडेंट’ बिल्ला: सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतात. नागरिकत्व मिळाल्यावर ते अमेरिकी कोस्ट गार्डच्या ऑक्झिलरीत, म्हणजे बिनपगारी स्वयंसेवकांच्या शाखेत, दाखल झाले. आता त्यांना सागरी सुरक्षेचा बिल्ला मिळवायचा आहे. आम्ही सगळे त्याला ‘ट्रायडेंट’ म्हणतो. कोणत्या पात्रतेपासून सुरुवात करावी, जहाजाचा काहीच अनुभव नसलेल्याला हे जमेल का, तोंडी परीक्षेत काय विचारतात आणि एकूण किती काळ लागेल, असे चार प्रश्न त्यांनी केले आहेत.

मी मुंबईहून मर्चंट नेव्हीत गेलो, बल्क कॅरिअरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) इंजिनिअर म्हणून काम केलं, पुढे इथे स्थायिक झालो आणि गेली बरीच वर्षं ऑक्झिलरीत सागरी सुरक्षेचंच काम करतो. नवीन सभासदांच्या पुस्तिकांवर सह्याही करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काळाचा प्रश्न आधी संपवू. ट्रायडेंट हे वर्षांचं काम आहे, महिन्यांचं नाही. त्यात तीन थर असतात. पहिला अभ्यासक्रमांचा: फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचे ऑनलाइन कोर्स (आयएस-१००, २००, ७००, ८००), सागरी सुरक्षा आणि पर्यावरण संरक्षणाची तोंडओळख करून देणारा ऑक्झिलरीचा कोर्स, आणि ‘गुड मेट’ हा प्रदूषण टाळण्याबद्दलचा छोटा कोर्स. ‘मरीन सेफ्टी ट्रेनिंग रिबन’ची वाट याच थरातून जाते. दुसरा थर प्रत्यक्ष पात्रतांचा. तिसरा वर्षानुवर्षं नोंदवलेल्या तासांचा. नेमक्या पात्रता किती आणि तास किती, हे नियमपुस्तिकेच्या चालू आवृत्तीत बघा. हे आकडे बदलत आले आहेत आणि फ्लोटिलातले, म्हणजे ऑक्झिलरीच्या स्थानिक तुकडीतले, जुने सभासद आपापल्या काळातले सांगतात. पहिला थर तुम्ही घरी बसून एका हिवाळ्यात उरकाल. परीक्षा देण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो जड जात नाही. खरं काम दुसऱ्या थरात आहे. तिथे नवीन माणसाची एक चूक मी फार वेळा बघतो: तो यादी समोर ठेवतो आणि सगळ्यात सोप्या पात्रता शोधतो.

तसं करू नका. एकच पात्रता निवडा, तीही तुमच्या बंदराला गरज असलेली, आणि तिच्यात इतके मुरा की सेक्टरच्या, म्हणजे कोस्ट गार्डच्या तुमच्या विभागाच्या, कार्यालयातले लोक स्वतःहून तुम्हाला फोन करतील. पुढच्या पात्रता त्या फोनमधून येतात. माझ्या ओळखीत ज्यांनी ट्रायडेंट मिळवला आणि नंतरही काम करत राहिले, ते जवळपास सगळे असेच पुढे गेले.

याचं कारण या पात्रता दिल्या कशा जातात त्यात आहे. प्रत्येक पात्रतेची एक पुस्तिका असते, तिला पीक्यूएस म्हणतात. त्यात कामांची यादी असते: अमुक नियम शोधून दाखवा, अमुक उपकरण तपासून दाखवा, अमुक प्रकारची पूर्ण तपासणी देखरेखीखाली करा. प्रत्येक ओळीपुढे एका अधिकृत माणसाची आद्याक्षरं आणि तारीख लागते. तो माणूस बहुतेक वेळा सेवेतला अधिकारी किंवा पेटी ऑफिसर असतो, आणि तुमच्याखेरीज त्याच्याकडे स्वतःचं भरपूर काम असतं. सगळ्या ओळी भरल्या की तोंडी परीक्षा होते, त्यानंतर युनिटच्या प्रमुखाच्या सहीचं नियुक्तिपत्र मिळतं. पुस्तक पाठ करून एकही ओळ भरत नाही. कोणीतरी तुम्हाला सोबत धक्क्यावर न्यावं लागतं. तुम्ही वेळेवर येता, बूट-हेल्मेट बरोबर असतं, न विचारता कशाला हात लावत नाही, आणि परत आल्यावर कागदपत्रं त्याच संध्याकाळी पूर्ण करून देता, असं दिसलं की तो माणूस पुढच्या वेळीही तुम्हाला नेतो.

ही सही इतकी जपून का दिली जाते, तेही समजून घ्या, कारण तोंडी परीक्षेतल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत ‘जनरल स्लोकम’ या प्रवासी बोटीला आग लागली. एका चर्चची सहल होती, बहुतेक बायका आणि मुलं. सुमारे एक हजार माणसं गेली. पाण्याचे होजपाइप कुजलेले होते, दाब येताच फाटले. लाइफजॅकेटमधल्या बुचाचा भुगा झालेला होता, ती घालून पाण्यात उतरलेली माणसं बुडाली. आणि त्या बोटीची सरकारी तपासणी काही आठवड्यांपूर्वीच होऊन तिला ‘ठीक’ असा दाखला मिळालेला होता. कोणीतरी कागदावर खूण केली होती.

तुम्हाला जवळचं उदाहरण हवं असेल तर ‘मरीन इलेक्ट्रिक’. कोळसा भरून व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून निघालेलं जुनं जहाज, तुमच्याच राज्यातल्या सॉमरसेट इथल्या ब्रेटन पॉइंट वीज केंद्राकडे येत होतं. १२ फेब्रुवारी १९८३ला वादळात व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापुढे ते बुडालं. ३४ पैकी ३१ जण गेले, बरेचसे थंडीनं. चौकशीत निघालं की हॅच कव्हर, म्हणजे माल ठेवायच्या होल्डवरची झाकणं, गंजून सडलेली होती, भोकांवर ठिगळं होती, तरी तपासण्या पार पडल्या होत्या. मी स्वतः बल्क कॅरिअरवर काम केलंय. हॅच कव्हर गळकं असेल तर होल्डमध्ये किती पाणी जातं आणि जहाज किती लवकर जड होतं, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या अपघातानंतर तपासणी कडक झाली, थंड पाण्यात जाणाऱ्या जहाजांवर इमर्शन सूट (पाण्यात ऊब देणारे, तरंगणारे अंगभर पोशाख) सक्तीचे झाले, आणि कोस्ट गार्डनं हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरणाऱ्या ‘रेस्क्यू स्विमर’ची व्यवस्था उभी केली. तुम्ही उद्या ज्या चौकटीत खूण कराल, ती अशाच कुठल्यातरी रात्रीनंतर फॉर्मवर आलेली आहे.

आता कोणती पात्रता. तुम्ही दक्षिण मॅसॅच्युसेट्समध्ये आहात असं तुमच्या पत्रावरून दिसतं, म्हणजे न्यू बेडफर्ड गाडीनं सहज पोहोचण्यासारखं. माझं उत्तर स्पष्ट आहे: व्यावसायिक मासेमारी बोटींची धक्क्यावरची तपासणी. न्यू बेडफर्ड हे स्कॅलपचं, म्हणजे एका प्रकारच्या शिंपल्याचं, बंदर, मालाच्या किमतीच्या हिशेबानं वर्षानुवर्षं देशात पहिल्या क्रमांकावर राहिलेलं. बोटी पुष्कळ, तपासणारे हात कमी. १९८८च्या मासेमारी बोट सुरक्षा कायद्यानं या बोटींना लाइफराफ्ट (फुगणारा जीवरक्षक तराफा), सिग्नल, सूट वगैरे साधनांचे नियम लागू केले. १५ ऑक्टोबर २०१५पासून तीन सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या व्यावसायिक मासेमारी बोटींना पाच वर्षांतून किमान एकदा धक्क्यावरची तपासणी सक्तीची झाली. पास झालेल्या बोटीला जे डेकल, म्हणजे स्टिकर, मिळतं ते दोन वर्षं चालतं, म्हणून समंजस मालक दर दोन वर्षांनी बोलावतात.

ही तपासणी शिकायला उत्तम आहे, याचं कारण असं की जहाजाचा अनुभव नसलेल्या माणसालाही ती पूर्ण समजू शकते. बोटीच्या सांगाड्याची ताकद, स्थैर्याची गणितं हे तुमच्याकडे येत नाही. बोट बुडायला लागली तर माणसं वाचतील का, एवढंच तुम्ही तपासता. त्यासाठी लागणारी उपकरणं मोजकी आहेत आणि प्रत्येक हातात घेऊन बघता येतं.

मी शिकवताना सुरुवात नेहमी लाइफराफ्टच्या हायड्रोस्टॅटिक रिलीजपासून, म्हणजे पाण्याच्या दाबानं सुटणाऱ्या कडीपासून, करतो. वस्तू तळहाताएवढी आहे, पण ती नीट समजली की तपासणी म्हणजे काय हेच समजतं. राफ्ट पांढऱ्या फायबरच्या डब्यात बंद असतो, डबा बोटीच्या छपरावर पट्ट्यानं बांधलेला असतो. त्या पट्ट्याच्या टोकाशी हा रिलीज असतो. बोट बुडून तो दीड ते चार मीटर खोल गेला की पाण्याच्या दाबानं आतली सुरी सुटते आणि दोरीचा फास कापते. पट्टा सैल होतो, डबा वर तरंगू लागतो. डब्यातून निघणारी लांब दोरी, जिला पेंटर म्हणतात, ती अजून बोटीला अडकलेली असते. बोट खाली जात राहते, दोरी ताणली जाते, झटका बसतो, गॅसची बाटली उघडते आणि राफ्ट फुगतो. आता राफ्ट फुगलाय, पण दोरी अजून बुडत्या बोटीला आहेच. इथे ‘वीक लिंक’ कामाला येते: मुद्दाम कमजोर केलेला तो दुवा ताणानं तुटतो आणि राफ्ट मोकळा होतो.

या साखळीत एक गाठ चुकली की सगळं व्यर्थ. पेंटर वीक लिंकऐवजी थेट डेकवरच्या रिंगला बांधलेला असेल तर फुगलेला राफ्ट बोटीबरोबर तळाशी जातो. पेंटर कशालाच बांधलेला नसेल तर डबा न फुगताच वाऱ्यावर निघून जातो. पट्टा रिलीजला वळसा घालून बांधलेला असेल तर डबा सुटतच नाही. एकदा वापरायच्या प्रकारच्या रिलीजवर महिना आणि वर्षाची खूण करायची असते, तो बसवल्यापासून दोन वर्षांत बदलायचा. ती खूण नसेल तर तो कधी बसवला हे कोणालाच सांगता येत नाही. बोट रंगवताना कुणी रिलीजवरही ब्रश फिरवला असेल तर तेही बघायचं. आणि या चुका आळशी माणसं करतात असं समजू नका. राफ्ट सर्व्हिसिंगहून परत येतो, घाईत दोघं तो छपरावर चढवतात, मजबूत दिसावं म्हणून दुहेरी गाठ मारतात. हेतू चांगलाच असतो.

म्हणून माझा नियम असा की पुस्तिकेत या ओळीवर सही मागायला येणाऱ्यानं एक जुना, मुदत संपलेला रिलीज मिळवावा, तो घरी टेबलावर ठेवावा, सुतळी घेऊन सगळी साखळी स्वतः बांधावी, आणि मग मला प्रत्येक टोक कशासाठी आहे ते सांगावं. कोणत्याही राफ्ट सर्व्हिसिंग स्टेशनवर विचारलंत तर असे जुने नग मिळू शकतात. तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरच्या माणसाला हे पटकन जमतं असा माझा अनुभव आहे. एका घटनेनंतर दुसरी कोणत्या क्रमानं घडेल आणि कुठे अडेल, याचा विचार करायची तुम्हाला रोजची सवय आहे.

ईपर्बचंही असंच. संकटात ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं हे यंत्र. बॅटरीची तारीख, रिलीजची तारीख, सेल्फ-टेस्ट हे सगळे बघतात. नवखा माणूस विसरतो ती नोंदणी. नोआ या अमेरिकी सरकारच्या सागर-हवामान संस्थेकडे यंत्राची नोंदणी असते आणि ती दर दोन वर्षांनी ताजी करायची असते. बोट विकली गेली आणि नव्या मालकानं नाव बदललं नाही, तर संकेत आल्यावर शोधपथक जुन्या मालकाच्या घरी फोन लावतं. त्यात जाणारा वेळ अटलांटिकच्या थंड पाण्यात फार महाग पडतो. यंत्रावर पंधरा अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. तो आणि नोंदणीच्या स्टिकरवरचा क्रमांक अक्षरशः बोट ठेवून जुळवा.

इमर्शन सूट बाहेर काढून उघडायला लावा. पिशवीत घडी दिसली म्हणून पुढे जाऊ नका. चेनला मेण लावलेलं आहे का, ती टोकापर्यंत सरकते का, दिवा पेटतो का, शिट्टी आहे का, परावर्तक पट्ट्या निघाल्यात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो सूट या बोटीवरच्या माणसाच्या मापाचा आहे का. मग एका खलाशाला तो घालून दाखवायला सांगा. एका मिनिटाच्या आत जमायला हवं. २००८च्या मार्चमध्ये बेरिंग समुद्रात ‘अलास्का रेंजर’ ही मासेमारी बोट मध्यरात्रीनंतर बुडाली. ४७ जणांपैकी ४२ वाचले, आणि त्यांतले बरेच जण बर्फगार पाण्यात तासन्‌तास सूट घालून तरंगत होते. याउलट न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर आजही ‘नॉर्दर्न एज’चं नाव निघतं. २० डिसेंबर २००४ला ती स्कॅलपची बोट नॅन्टकेट बेटाच्या आग्नेयेला उलटली. सहापैकी पाच गेले, राफ्टपर्यंत पोहोचलेला एकटा वाचला. ज्यांच्या बोटीवर तुम्ही जाल, त्यांच्यापैकी काहींनी त्या पाच जणांसोबत काम केलेलं असेल. तिथे आवाज कसा ठेवायचा हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

यावरूनच वागण्याबद्दल. ऑक्झिलरीच्या सभासदाला कायदा अंमलात आणण्याचा कसलाही अधिकार नाही. धक्क्यावरच्या तपासणीत दंड होत नाही. उणीव सापडली तर कागदावर लिहून द्यायची, दुरुस्त झाली की परत येऊन बघायची, मग डेकल. समुद्रात कोस्ट गार्डचं पथक बोटीवर चढलं आणि तिथे गंभीर उणीव निघाली तर ते फेरी थांबवून बोट परत पाठवू शकतात, त्यात मालकाचं भरपूर नुकसान होतं. हे तुम्ही कॅप्टनला शांतपणे समजावून सांगू शकता: आज माझ्यासमोर सापडलेलं फुकटात सुटेल. बहुतेक कॅप्टन हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात की समोरचा मदतीला आलाय की चुका मोजायला. धक्क्यावर पोर्तुगीज बोलणारे बरेच भेटतील. काही खलाशांना इंग्रजी जेमतेम कळतं. अशा वेळी सूट घालायचं कसं, हे तुम्हीच एकदा घालून दाखवा. फिशिंग पार्टनरशिप सपोर्ट सर्व्हिसेस ही संस्था न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांसाठी मोफत सुरक्षा प्रशिक्षण घेते: पाणी शिरलेली बोट सावरणं, आग विझवणं, सूट घालून पाण्यात उतरणं, राफ्टमध्ये चढणं. अशा एखाद्या दिवशी जाऊन उभे राहा, मदत करा. त्या एका दिवसात धक्क्यावरचे जितके चेहरे ओळखीचे होतात तितके सहा महिन्यांत होत नाहीत.

कॅप्टन खूश झाला की स्कॅलपची पिशवी पुढे करतो. घ्यायची नाही. ताजी असतात, मोह होतो, आणि त्याच्या मनात काहीही वावगं नसतं. तरीही आभार मानून नकार द्या. हा प्रश्न तोंडी परीक्षेत येतोच.

त्या परीक्षेबद्दल तुम्हाला धास्ती दिसते. आपल्यातले जे मर्चंट नेव्हीत आहेत त्यांना मुंबईच्या एमएमडीच्या (सरकारी मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या) ओरल्स, म्हणजे तोंडी परीक्षा, आठवत असतील. सर्व्हेअरसमोर बसून बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हपासून मार्पोल या सागरी प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांपर्यंत कुठूनही कुठेही उडी. इथली परीक्षा त्यापेक्षा सौम्य असते, पण वेगळ्या अर्थानं खोल जाते. समोर दोघं-तिघं बसतात, बहुतेकदा त्यांत तुमच्याबरोबर धक्क्यावर गेलेला एखादा असतो. नियमाचा क्रमांक पाठ असावा अशी अपेक्षा फारशी नसते. तो पुस्तकात कुठे सापडेल हे माहीत असावं, आणि पुस्तक उघडायची परवानगी मागण्यात कमीपणा नाही. मासेमारी बोटींचे नियम संघराज्य नियमावलीच्या ४६व्या खंडाच्या २८व्या भागात आहेत. त्या भागाला रंगीत खुणा लावून ठेवा, हाताला सवय लागू द्या.

ते प्रसंग देतात. राफ्टची सर्व्हिसिंग मागच्या महिन्यात संपलीय, बोट आज संध्याकाळी निघायचीय, सर्व्हिस स्टेशनला आठवडा लागणार आहे, कॅप्टन म्हणतो डेकल द्या, परत आल्यावर करून घेतो. काय कराल? संकटात पेटवायच्या हातातल्या फ्लेअर्सची मुदत संपलीय पण नवीन फ्लेअर्स गाडीत ठेवल्यात म्हणतो, काय कराल? कॅप्टन चिडून तुम्हाला बोटीवरून उतरायला सांगतो, काय कराल? पहिल्याचं उत्तर: डेकल नाही, उणीव लिहून द्यायची, आणि लगेच आपल्या वरिष्ठाला फोन करायचा, कारण पुढचा निर्णय तुमचा नाही. दुसऱ्याचं: गाडीपर्यंत चालत जा, हातात घ्या, तारीख वाचा, बोटीवर योग्य जागी ठेवल्यावर खूण करा. तिसऱ्याचं: उतरा, सौजन्यानं, ताबडतोब. तुम्ही पाहुणे आहात. या तिन्ही उत्तरांत ते एकच गोष्ट शोधत असतात: दबावाखाली हा माणूस न बघितलेल्या गोष्टीवर खूण करेल का. ‘मला माहीत नाही, मी विचारून सांगतो’ हे वाक्य तिथे निःसंकोच बोला. आपल्याकडे परीक्षकासमोर गप्प राहण्यापेक्षा काहीतरी ठोकून द्यावं अशी सवय लागलेली असते, ती या खोलीत घातक ठरते. अंदाजानं उत्तर देणारा उमेदवार अंदाजानं तपासणीही करेल, असा ते तर्क करतात, आणि मलाही तो बरोबर वाटतो.

पहिलं पत्र हातात आलं की लगेच दुसऱ्या पुस्तिकेकडे धावू नका. एक पूर्ण हंगाम तेच काम करा. त्यात तुम्हाला आपोआप दिसेल की पुढचं दार कुठे आहे. धक्क्यावर डिझेलचा तवंग दिसला, कोणाला कळवायचं हे शिकलात, तर प्रदूषण तपासात मदत करणारी पात्रता जवळची वाटेल. राफ्टच्या डब्यात नक्की काय असतं याचं कुतूहल वाढलं तर राफ्ट सर्व्हिसिंगच्या तपासणीत मदत करता येते. भाड्यानं सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या छोट्या बोटींची तपासणी तर तुमच्या नव्या ज्ञानाच्या अगदी शेजारची आहे.

कागदपत्रांची आवड असेल तर कंटेनर तपासणी. कंटेनरवरची सुरक्षा पाटी, घातक मालाचे फलक, माल आत नीट जखडलाय का, घोषणापत्राशी आतला माल जुळतो का. बॉस्टनच्या कॉनली टर्मिनलवर हे काम चालतं, पण ते दुसऱ्या सेक्टरच्या हद्दीत येतं आणि तुमचं नियुक्तिपत्र तुमच्या युनिटच्या प्रमुखाचं असतं, म्हणून आधी दोन्हीकडे विचारून घ्या. बंदरात शिरायला टीडब्ल्यूआयसी कार्ड, म्हणजे वाहतूक-बंदर कामगारांचं सरकारी ओळखपत्र, लागतं. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी यात वेळ जातो, तेव्हा अर्ज आजच टाका.

परदेशी जहाजांच्या तपासणीत, म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोलमध्ये, मदत करायची इच्छा तुम्ही लिहिलीय. ती चांगली आहे, पण ती तिसरी किंवा चौथी पात्रता असू द्या. त्या कामाची दुसरी बाजू मी बघितलेली आहे. ज्युनिअर इंजिनिअर असताना अमेरिकेच्या एका बंदरात आमच्या जहाजावर कोस्ट गार्ड आलं. चीफ इंजिनिअर सगळ्या फायली मांडून बसले होते. आलेल्या बाईंनी फायली चाळल्या आणि मला म्हणाल्या, इमर्जन्सी फायर पंप तुम्ही सुरू करून दाखवा. नळीतून पुढच्या टोकाला पाणी जोरात येईपर्यंत त्या वाऱ्यात उभ्या राहिल्या. मग इंजिन रूममधल्या एका मोटरमनला विचारलं, आग लागली तर तुझी जागा कुठली? कुठेही आवाज चढवला नाही. तपासणी कशी करावी याचा माझ्यासमोर आजही तोच नमुना आहे.

त्या जहाजांवर तुम्हाला आपली माणसं भेटतील. २६ मार्च २०२४ला बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाला ‘डाली’ धडकली, पुलावर काम करणारे सहा कामगार गेले, आणि त्या जहाजावरचे खलाशी जवळपास सगळे भारतीय होते. चौकशी सुरू असताना ते अनेक आठवडे जहाजावरच अडकून होते. तुम्ही डेकवर चढाल तेव्हा एखादा रत्नागिरीचा किंवा वसईचा फिटर तुमच्या छातीवरचं नाव वाचून मराठीत बोलेल. बोला त्याच्याशी, त्याच्या चेहऱ्यावरची भीती कमी होते. मात्र तपासणी सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा भाषेतच करा, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याला आधीच सांगा की हा माणूस माझी भाषा बोलतो. त्याच्याकडची उणीव झाकणं ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. उद्या तेच उपकरण त्यालाच लागणार आहे.

तासांची नोंद. प्रवासाचा वेळ, तयारीचा वेळ, प्रत्यक्ष तपासणी, सगळं ऑक्झिलरीच्या ठरलेल्या फॉर्मवर त्याच दिवशी भरा आणि दर महिन्याला फ्लोटिलाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. चांगलं काम करूनही केवळ नोंद नाही म्हणून ट्रायडेंटचा अर्ज अडलेले लोक मी बघितलेत, आणि जुने तास नंतर सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. प्रत्येक सहीचं पान फोनमध्ये काढून ठेवा. पुस्तिका हरवतात, सह्या करणारे अधिकारी दर तीन-चार वर्षांनी बदलीवर जातात आणि मग ती आद्याक्षरं कोणाची हे सांगायला कोणी उरत नाही. याच कारणानं अर्धी भरलेली पुस्तिका वर्षभर पडू देऊ नका.

लागणारं सामान थोडं आहे: पोलादी टोकाचे न घसरणारे बूट, हेल्मेट, लाइफ व्हेस्ट, हातमोजे, चांगली टॉर्च, छोटा आरसा (रिलीजच्या मागची तारीख वाचायला), आणि पाण्यात न पुसणारं मार्कर. जानेवारीत न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर वारा झोंबतो, म्हणून आत लोकरीचे कपडे घाला. बोटी हिवाळ्यातही बंदरात असतात आणि खराब हवामानात कॅप्टनकडे वेळ असतो, त्यामुळे शिकायला तेच दिवस बरे.

पहिलं पाऊल या आठवड्याचं: तुमच्या फ्लोटिलातला सागरी सुरक्षेचा स्टाफ ऑफिसर कोण आहे ते शोधा आणि त्याला सांगा की सेक्टर साउथईस्टर्न न्यू इंग्लंडच्या मासेमारी बोट तपासनिसाबरोबर मला नुसतं बघायला, फॉर्म धरायला यायचंय. पुस्तिका त्या दिवशी नेऊ नका. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर तो तपासनीसच विचारेल की तुमची पुस्तिका कुठे आहे.

शेवटी तुमची छोटी शंका, या बिल्ल्याचा नोकरीत काही उपयोग होतो का. सॉफ्टवेअरच्या नोकरीत नाही. पगार, भत्ता, बढती यातलं काही यातून मिळत नाही. पुढे मरीन सर्व्हेअर व्हायचं मनात आलं तर ही वर्षं उपयोगी पडतील, माझ्या ओळखीत तसे दोघं आहेत, पण त्या आशेवर यात येऊ नका. घरी आधीच सांगून ठेवा की शनिवारच्या सकाळी जातील, आणि वर्षातून एकदा मुलांना धक्क्यावर घेऊन जा. मुलांना सूट घालून बघायला आवडतं आणि कॅप्टन लोक आनंदानं बोट दाखवतात.